डब्यावर चार, गाडीवर दोन: जास्त सायकली नेणारा मजबूत कार-रॅक कसा निवडावा

आमच्या घरात चार सायकली आणि एकच हॅचबॅक. पहिला रॅक मी ऑनलाइन मागवला होता, पट्ट्यांनी डिकीवर बांधायचा. डब्यावर ठळक लिहिलेलं होतं, ‘३ सायकली, ४५ किलो’. आमच्या तीन सायकली त्यात बसत होत्या, म्हणून निर्धास्त निघालो. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना मागच्या पिकअपवाल्याने हॉर्नवर हॉर्न दिले आणि हाताने ‘मागे बघा’ अशी खूण केली. उतरून पाहिलं तर वरचा एक पट्टा सैल पडून रॅक वीतभर खाली आला होता आणि मुलीच्या सायकलचं पुढचं चाक थेट सायलेन्सरच्या तोंडाशी टेकलं होतं. टायरचा रुपयाएवढा भाग वितळून चकचकीत झाला होता. नखाने दाबलं तर खड्डा पडत होता.

रॅक वाईट नव्हता. माझ्या गाडीच्या डिकीला वर प्लॅस्टिकचा स्पॉयलर आहे आणि रॅकचे हुक पत्र्याच्या कडेत न बसता त्या प्लॅस्टिकवर ताण देत होते. मी रॅकची क्षमता वाचली, गाडीची वाचलीच नाही. बहुतेक जण हेच करतात. ‘चार सायकलींचा रॅक’ शोधतात आणि घरी आणल्यावर तो गाडीला कुठे लावायचा ते बघतात. खरं तर सुरुवात गाडीपासून करायची आणि रॅकचं नाव सगळ्यात शेवटी काढायचं.

आधी सायकली मोजा, अंदाजाने नाही

बॅगा मोजायचा हूकवाला डिजिटल काटा बहुतेक घरांत असतो. सायकलची आडवी दांडी त्याला अडकवून उचला. काटा नसेल तर वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग सायकल हातात घेऊन, आणि वजाबाकी करा. आकडे बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो. चांगली रोड बाइक ८ ते ११ किलो भरते, हायब्रिड १२ ते १५. पण सोसायटीतल्या मुलांच्या सस्पेन्शनवाल्या स्टीलच्या एमटीबी (माउंटन बाइक) सहज १६-१८ किलोच्या निघतात. इलेक्ट्रिक सायकल २० किलोच्या पुढेच धरा. तिची बॅटरी काढून आत ठेवली तर दोन-तीन किलो कमी होतात.

आमचा हिशेब असा निघाला: माझी हायब्रिड १३, बायकोची लेडीज फ्रेमची १४, मुलाची २४ इंची १४, मुलीची २० इंची साडेदहा. एकूण ५१.५ किलो. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे सारखा लागतो. मुलं वाढत असतील तर दोन वर्षांनंतरच्या सायकलींचं वजन धरून हिशेब करा. मुलीची २० इंची जाऊन २४ इंची आली की हा कागद पुन्हा लिहावा लागणार आहे.

सोबत प्रत्येक सायकलची पुढच्या टायरपासून मागच्या टायरपर्यंतची लांबीही टेपने मोजून लिहा. टायर किती जाड आहे आणि फ्रेमचा आकार कसा आहे तेही.

गाडीला धरायला जागा कुठे आहे?

जागा चारच: टप, डिकी, डिकीवरचं स्टेपनी चाक आणि बंपरखालचा टो हिच (ट्रेलर ओढण्यासाठीची लोखंडी जोडणी). प्रत्येकीचं दुखणं वेगळं.

*टप.* इथे पहिला प्रश्न, छतावरच्या रेल खऱ्या आहेत की शोभेच्या? आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांना रुबाबासाठी रेल बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावर किलोभरही भार टाकायचा नसतो. हात लावून ते कळत नाही, गाडीच्या पुस्तिकेत ‘रूफ लोड’चा आकडा शोधा. ज्या गाड्यांना परवानगी असते त्यांच्यात तो साधारण ५० ते ७५ किलोंच्या मध्ये असतो. पुस्तिकेत आकडाच नसेल, तर ती गाडी टपावर भार घेण्यासाठी नाही असं धरून चालायचं.

आता ५० किलोत काय बसतं ते पाहू. दोन आडव्या बारचे ५ किलो गेले, उरले ४५. एका सायकलची पट्टी (सायकल जिच्यात उभी राहते ती लांब खाच) साधारण साडेतीन किलो आणि सायकल १३, म्हणजे एकीमागे साडेसोळा. दोन सायकलींचे ३३ झाले. तिसरी चढवली तर साडेएकोणपन्नास, म्हणजे उरलेल्या ४५ च्या बाहेर. म्हणून टपावर चार पट्ट्या विकत मिळतात, पण बहुतेक गाड्या दोनच पेलतात.

शिवाय उंची. दीड मीटर उंचीच्या हॅचबॅकवर सायकल उभी केली की एकूण पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगची उंची बहुधा दोन मीटर आणि वर थोडी. सोसायटीच्या कमानी, पेट्रोल पंपाचं छत, कोकणातल्या गल्लीवर झुकलेली आंब्याची फांदी, सगळ्यांचा विचार करायचा. माझ्या एका मित्राने तर सायकली विसरून स्वतःच्याच गेटमध्ये गाडी घातली. त्याने आता स्टिअरिंगवर लाल रिबीन बांधायचा नियम केलाय. टपावर सायकली असतील तेव्हा रिबीन असते. हसू येतं, पण तुम्हीही करा.

टपाचा फायदाही खरा आहे. मागची नंबर प्लेट, दिवे, कॅमेरा, डिकी सगळं मोकळं राहतं. दोन हलक्या रोड बाइक आणि उंच, दणकट माणूस असेल तर हा पर्याय चांगला. १८ किलोची एमटीबी डोक्यावर उचलून रोज चढवायची असेल तर पाठीला विचारा.

*डिकी.* पट्टे आणि हुक. सगळ्यात स्वस्त, काढला की घडी होऊन आत जातो. पण भार पडतो तो डिकीच्या पातळ पत्र्याच्या कडेवर. वर स्पॉयलर, कडेला काच किंवा प्लॅस्टिकची डिकी असेल तर हा विषय तिथेच बंद करा. नामांकित रॅक-कंपन्यांच्या वेबसाइटवर मॉडेल आणि वर्षानुसार ‘बसतो की नाही’ याच्या याद्या असतात. थूलसारख्या जुन्या स्वीडिश कंपनीच्या यादीत तुमची गाडी नसेल, तर दुकानदाराच्या ‘सगळ्या गाड्यांना बसतो साहेब’ला फारसा अर्थ नाही. या प्रकारावर मी दोन सायकलींच्या पुढे जाणार नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

*स्टेपनी.* थारसारख्या, मागच्या दारावर चाक असलेल्या गाड्यांसाठी. पकड छान बसते, कारण ती लोखंडी नटांवर असते. पण सगळं वजन शेवटी दाराच्या बिजागऱ्यांवर येतं आणि तिथे आधीच २०-२५ किलोचं चाक टांगलेलं असतं. इथेही दोनच सायकली.

*टो हिच.* तीन-चार सायकली नेहमी न्यायच्या असतील, तर खरा पर्याय हाच. यात भार पत्र्यावर न येता गाडीच्या सांगाड्यावर येतो. सायकली कमरेच्या उंचीवर चढतात. अडचण अशी की आपल्याकडे बहुतेक गाड्यांना कंपनीकडून हिच येत नाही. बाहेरून बसवावा लागतो आणि तिथे जपून पावलं टाकावी लागतात.

हिच बसवताना

फॅब्रिकेटरकडे जाऊन ‘एक हुक लावून द्या’ असं सांगू नका. तुमच्या मॉडेलसाठी तयार केलेलं ब्रॅकेट घ्या, जे सांगाड्याच्या मूळ छिद्रांत बोल्टने बसतं. नवीन छिद्रं पाडणं किंवा सांगाड्याला वेल्डिंग करणं नको. ब्रॅकेटवर ट्रेलर ओढण्याची आणि हिचवर सरळ खाली पडणारा भार पेलण्याची क्षमता वेगवेगळी लिहिलेली असते. आपल्या कामाचा दुसरा आकडा. ‘हजार किलो ओढतं’ हे ऐकून खूश होण्यात अर्थ नाही. ओढायचे हजार आणि टांगायचे ७५ असू शकतात.

आमच्या ५१.५ किलोंत चार सायकलींच्या रॅकचं साधारण २२ किलो मिळवलं की साडेत्र्याहत्तर होतात. हिचची मर्यादा ७५ असेल तर कागदावर बसतं, पण आपल्या रस्त्यांवर एवढ्या काठावर राहू नये. स्पीडब्रेकरवरून मागचं चाक आपटतं तेव्हा टांगलेलं वजन क्षणभर कितीतरी जड होतं. मी निदान पंधरा टक्के मोकळे ठेवतो. म्हणून आम्ही चारऐवजी तीन सायकली मागे आणि मुलीची छोटी चाकं काढून डिकीत, अशी वाटणी केली.

सायकली बंपरपासून जितक्या दूर, तितका मागे ओढ जास्त. पुढची चाकं हलकी होतात, घाटात स्टिअरिंग थोडं तरंगल्यासारखं वाटतं, उताराच्या रॅम्पवर रॅकचं टोक जमिनीला घासतं. मागच्या टायरांत पूर्ण भारासाठीची हवा भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

कायद्याचंही बघून घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून बुल बार, क्रॅश गार्ड (बंपरपुढे लावतात त्या लोखंडी चौकटी) बेकायदेशीर असल्याचं कळवलं, आणि त्यामागे होतं गाडीत फेरफार करण्याविषयीचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. टो हिच म्हणजे बुल बार नव्हे, पण गाडीला बाहेरून जोडलेली लोखंडी वस्तू म्हणून पोलीस विचारू शकतात. काढता-लावता येणारा हिच घ्या आणि रॅक नसताना तो काढून ठेवा. इन्शुरन्स कंपनीला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरलाही आधीच विचारा, काम झाल्यावर नाही.

नंबर प्लेट, दिवे आणि बाहेर डोकावणारी चाकं

मागे रॅक लावला की नंबर प्लेट आणि टेललाइट झाकले जातात. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पुढे एक, मागे एक अशी असते. रॅकवर टांगायला घरी बनवलेली तिसरी प्लेट त्या जागी चालत नाही. म्हणून रॅक निवडताना सायकली चढवलेल्या स्थितीत प्लेट दिसते का, हे गाडीपासून दहा पावलं मागे जाऊन बघा. कित्येक रॅकचा कोन थोडा वर करून हे जमतं. टेललाइट झाकले जात असतील तर मागच्या लायटीच्या वायरवरून जोडणी घेऊन रॅकवर वेगळी दिव्यांची पट्टी लावता येते. हे काम घरी करू नका, आजकालच्या गाड्यांत चुकीची वायर तोडली की डॅशबोर्ड भर दिवाळीसारखा उजळतो.

लांबीचा जो आकडा लिहून ठेवला होता तो आता काढा. रोड बाइक पावणेदोन मीटरच्या आत येते, २९ इंची एमटीबी साधारण १ मीटर ८५ सेंटिमीटर. वॅगन आरची रुंदी १.६२ मीटर, स्विफ्ट आणि अर्टिगाची १.७३५, इनोव्हा क्रिस्टाची १.८३. म्हणजे वॅगन आरच्या मागे २९ इंची सायकल आडवी लावली तर ती दोन्ही बाजूंना चार-चार बोटांपेक्षा जास्तच बाहेर येणार. मोटरसायकलवाला बाजूने जाताना त्याला ते चाक दिसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) मध्ये गाडीबाहेर असा माल काढून चालवण्यासाठी २० हजार रुपये दंड लिहिलेला आहे. उपाय साधा आहे: पुढचं चाक काढून गाडीत ठेवा. लांबी लगेच कमी होते आणि वजनही.

सायकलला रॅक मानवतो का?

मागचे रॅक दोन जातींचे. एकात सायकल दांडीला टांगली जाते, दुसऱ्यात ती चाकांवर पट्टीत उभी राहते. टांगणारा हलका आणि स्वस्त. उभा ठेवणारा जड आणि महाग, पण जास्त सायकलींसाठी खरोखर शांत.

लेडीज सायकलची दांडी खाली झुकलेली असते, मुलांच्या फ्रेमची लांबीच अपुरी, पूर्ण सस्पेन्शनच्या फ्रेमचा आकार वेडावाकडा. टांगणाऱ्या रॅकला यांच्यासाठी सीटपोस्टपासून हँडलच्या मुळापर्यंत जाणारी खोटी दांडी वेगळी घ्यावी लागते. कार्बन फ्रेम असेल तर दांडीला चिमटीत पकडणारा कुठलाच रॅक नको. पट्टीत उभी करून फक्त चाकांवर धरणारा घ्या. कार्बनला चीर पडते ती लगेच दिसतही नाही.

टपावर सायकलचा चिमटा (पुढचं चाक ज्यात बसतं तो फोर्क) धरणारी पट्टी घेत असाल तर तुमच्या चिमट्याचा एक्सल, म्हणजे चाकाची आस, बघा. जुन्या क्विक रिलीजसाठीची (खटका उघडून चाक सुटतं तो बारीक एक्सल) पट्टी थ्रू-एक्सलच्या (आरपार जाणारा जाड एक्सल) सायकलला अडॅप्टरशिवाय बसत नाही, आणि थ्रू-एक्सलमध्येही १२ मिलिमीटर आणि १५ मिलिमीटर असे आकार आहेत. टायर जाड असतील तर पट्टीची रुंदी आणि चाक बांधायच्या पट्ट्याची लांबीही बघा.

दुकानात हात लावून

मजबुती डोळ्यांपेक्षा हातांना लवकर कळते. रॅक डेमोसाठी लावलेला असेल तर टोकाला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. रॅकबरोबर गाडी डुलली पाहिजे. गाडी जागेवर आणि रॅकच कुरकुरत डुलत असेल तर घाटात तो आणखी सैल होणार. हिचमध्ये नळी बसते तिथे थोडी फट असतेच, म्हणून खुंटी आवळून खडखडाट थांबवणारा बोल्ट त्यात आहे का ते विचारा.

वेल्डिंगच्या रेषा बघा. चांगली रेष सलग, एकसारख्या खवल्यांची असते. भोकं, मध्येच तुटलेले थेंब किंवा पॉलिशने लपवलेला उंचवटा दिसला तर पुढे चला. जोडाच्या जागी साधे नट आहेत की आत नायलॉनची कडी असलेले, तेही बघा. साधे नट खड्ड्यांनी उघडतात. नळ्यांची उघडी तोंडं प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद आहेत का? नसतील तर पावसाचं पाणी आत साचून नळी आतून गंजते. कोकणात नेणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, खारी हवा पावडर कोटिंगच्या एका ओरखड्यातूनही आत शिरते.

पट्ट्यांच्या रॅकमध्ये बकल धातूचं घ्या. उन्हात पट्टा पांढुरका आणि खरखरीत झाला असेल, तर रॅक कितीही नवा दिसो, पट्टा म्हातारा झालाय.

आणि प्रत्येक पट्टीची एका सायकलची मर्यादा. चार सायकलींच्या रॅकवर एकूण ६० लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात ‘प्रत्येकी १५’. एखादी १७ किलोची एमटीबी त्यात बसत नाही, बाकीच्या हलक्या असल्या तरी.

चढवायची पद्धत

रॅक टेकतो ती जागा आधी ओल्या फडक्याने पुसा. रबराच्या पॅडखाली राहिलेली धूळ शंभर किलोमीटरभर पॉलिश पेपरसारखी घासते. सगळ्यात जड सायकल गाडीला चिकटून, हलकी बाहेर. एकीचं हँडल डावीकडे, पुढचीचं उजवीकडे. तरीही पायडल कोणाच्या तरी दांडीत शिरतंच. तिथे एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोम फाडून चढवा, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. जुन्या ट्यूबचे लांब तुकडे पुढचं चाक फ्रेमला बांधायला उत्तम. दोरीपेक्षा ते सुटत नाहीत आणि रंगही खरवडत नाहीत.

बाटल्या, पंप, लाइट, सायकल-कॉम्प्युटर, लहान मुलाची सीट, सगळं आत. सायलेन्सरच्या तोंडापासून कुठलंही चाक निदान दोन वीत दूर. हे मी का सांगतोय ते तुम्हाला माहीत आहे.

सुटे राहिलेले पट्ट्यांचे शेपूट गुंडाळून बांधा, नाहीतर ते हायवेवर पत्र्यावर टकटक करत रंग उडवतात. निघाल्यावर २०-२५ किलोमीटरवर थांबा. चहा घ्या आणि प्रत्येक बोल्ट, प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघा. पहिल्या थांब्याला पट्टे जवळपास नेहमीच थोडे सैल मिळतात, त्यानंतर फारसे नाही. एक्सप्रेसवेवर मर्यादा काही असो, ८०-९० च्या पुढे मी जात नाही. ढाब्यावर गाडी उलटी लावा, सायकली टेबलावरून दिसतील अशा, आणि रॅकच्या कुलपाबरोबर एक लांब केबल लॉक सगळ्या फ्रेममधून ओवा.

परदेशात असाल तर

अमेरिकेत हिचच्या चौकोनी तोंडाचे नेहमीचे आकार सव्वा इंच आणि दोन इंच. तीन-चार सायकलींसाठी दोन इंचीच घ्या, आणि अडॅप्टर लावून सव्वा इंचीचा दोन इंची करू नका, त्याने क्षमता वाढत नाही. युरोपात ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर रॅक चिमटीत बसतो. ब्रिटनमध्ये प्लेट झाकली तर १,००० पौंडांपर्यंत दंड आहे, पण तिथे रॅकच्या दिव्यांच्या पट्टीवर दुसरी प्लेट लावायची सोयही आहे.

रॅक नकोच, असंही होऊ शकतं

दोघेच जण दोन रोड बाइक घेऊन जाणार असाल, तर मागची सीट पाडा, दोन्ही चाकं काढा, मध्ये जुनी गोधडी घाला. हॅचबॅकमध्ये दोन सहज मावतात आणि चोरीची, पावसाची काळजी नाही. सहा-सात जणांचा ग्रुप वर्षातून एकदा महाबळेश्वरला जाणार असेल तर छोटा हत्ती ठरवा, सायकली उभ्या बांधा, मध्ये चादरी. पुणे ते गोवा ६४३ किलोमीटरच्या डेक्कन क्लिफहँगरसारख्या शर्यतीत मागे सपोर्ट गाडी ठेवायची असेल, किंवा दर महिन्याला सायकली गाडीवर जात असतील, तर मात्र हिच आणि सायकली चाकांवर उभ्या ठेवणारा रॅक यांचे पैसे वसूल होतात.

परत आल्यावर रॅक गाडीवर ठेवू नका. रिकाम्या रॅकनेही ॲव्हरेज पडतं आणि रिव्हर्सचा सेन्सर सारखा बोंबलत राहतो. गोड्या पाण्याने धुवा, सांध्यांत दोन थेंब तेल टाका, पार्किंगच्या भिंतीवर दोन खुंट्या ठोकून टांगा. हिचची खुंटी, चाव्या आणि जादा नट एका छोट्या डब्यात घालून तो डबा रॅकलाच बांधून ठेवा. पुढच्या ट्रिपला पहाटे पाच वाजता ते शोधत बसावं लागत नाही.